शिक्षकाला कोण शिकवतो?

आपल्या चळवळीत शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, वसतिगृहाचे अनुदान थकले, बिंदुनामावली डावलली, राखीव जागा 'योग्य उमेदवार मिळाला नाही' म्हणून रिकाम्या ठेवल्या. हे सगळे प्रश्न खरे आहेत. त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते आणि न्यायालयाची पायरीही चढावी लागते. पण एक प्रश्न आपल्या एकाही मोर्चाच्या निवेदनात आम्ही आजवर वाचलेला नाही. आठवीतल्या आपल्या पोराला वीज शिकवणाऱ्या शिक्षकाला स्वतःला वीज कोणी शिकवली, आणि कशी शिकवली?

हा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर आपल्या कुठल्याही वस्तीत चौकशी करून पाहा. दहावीला विज्ञानात चांगले गुण घेतलेली मुलगी हौसेने अकरावी विज्ञान शाखेत जाते आणि दिवाळी यायच्या आत भौतिकशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत कोलमडते. बारावीनंतर ती बी.ए.च्या वर्गात दिसते. घरचे म्हणतात, "आपल्याला झेपणारे नव्हतेच ते." तिकडे प्रस्थापित म्हणतात, "मेरिट नव्हते तर आलातच कशाला?" २००६ साली केंद्रीय संस्थांतील ओबीसी आरक्षणाच्या विरोधात भावी डॉक्टर हातात झाडू घेऊन रस्त्यावर आले होते, त्यांचे म्हणणेही हेच होते. घरच्यांची भाषा मायेची आणि बाहेरच्यांची द्वेषाची, पण निदान एकच : दोष मुलीच्या डोक्यात आहे.

हे निदान खोटे आहे, हे आपण आजवर भाषणांतून सांगत आलो. ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या शिस्तीने खोटे ठरवता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या बाईंनी सुमारे पन्नास वर्षे खपून हे काम केले त्यांचे नाव लिलियन मॅकडरमॉट. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. २०२० साली त्यांचे निधन झाले. मार्टिन ल्युथर किंग आणि ब्लॅक पँथर ही नावे आपल्या वाचकांना तोंडपाठ आहेत. या बाईंचे नावही ठाऊक असायला हवे.

मॅकडरमॉटबाईंचा जन्म १९३१ सालचा, न्यूयॉर्कचा. आईवडील ग्रीसमधून आलेले स्थलांतरित. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले, त्याच विद्यापीठातून बाईंनी १९५९ साली अणुकेंद्राच्या प्रायोगिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. एवढी पदवी हातात असूनही नोकरीची वाट सोपी नव्हती. पती वॉशिंग्टन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात होते, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांतून त्या काळी एकाच विभागात नवरा-बायकोला नेमू नये असे नियम असत. नियमाच्या शब्दांत स्त्रीचे नाव नसे, पण घरी बसायची वेळ यायची ती बाईवरच. वरून सर्वांना समान दिसणारा नियम नेमका कोणाला बाहेर ठेवतो, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

१९७०च्या सुमारास त्या अर्नॉल्ड ॲरन्स या प्राध्यापकांच्या कामात सामील झाल्या. ॲरन्स भावी प्राथमिक शिक्षकांना भौतिकशास्त्र शिकवत होते. विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञाने प्राथमिक शिक्षकांना शिकवायचे, ही गोष्ट तेव्हाच्या विद्वानांना कमीपणाची वाटे. खरा भौतिकशास्त्रज्ञ अणू फोडतो, शिकवण्याबिकवण्याचे काम शिक्षणशास्त्रवाल्यांकडे सोपवावे, अशी समजूत. ज्ञान निर्माण करणारा वर आणि ते पोहोचवणारा खाली, ही उतरंड अमेरिकेतही होती, फक्त तिथे ती जन्माला चिकटलेली नव्हती. बाईंनी या खालच्या मानलेल्या कामालाच आपले संशोधन बनवले. १९७३ साली त्या विभागात अध्यापक म्हणून रुजू झाल्या, आणि विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र कसे समजते, कुठे समजत नाही, याचा अभ्यास त्यांनी भौतिकशास्त्र विभागातच बसून सुरू केला. या विषयावर भौतिकशास्त्राची पीएच.डी. देणारे जे पहिले काही विभाग अमेरिकेत झाले त्यांत त्यांचा विभाग आहे. हे संशोधन भौतिकशास्त्र विभागांत व्हावे असे अमेरिकन फिजिकल सोसायटीने अधिकृतपणे म्हणायला १९९९ साल उजाडावे लागले. २००१ साली भौतिकशास्त्र अध्यापनातला मानाचा ओर्स्टेड पुरस्कार बाईंना मिळाला.

आता त्यांनी काय शोधले ते पाहू, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

पाच सारखे बल्ब घ्या आणि तीन सारख्या बॅटऱ्या. पहिल्या बॅटरीला एकच बल्ब जोडा. दुसरीला दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागे एक. तिसरीला दोन बल्ब समांतर जोडणीत. आता कोणता बल्ब जास्त प्रकाशेल आणि कोणता कमी, क्रम लावा आणि कारण सांगा. आकडेमोड करायची नाही, सूत्र लागत नाही. बॅटरी आदर्श धरली तर उत्तर असे : एकटा बल्ब आणि समांतर जोडणीतले दोन्ही बल्ब सारखेच प्रकाशतात, आणि एकसर जोडणीतले दोघे त्यांच्यापेक्षा मंद, पण एकमेकांशी सारखे.

हा प्रश्न विद्यापीठातल्या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या, उच्च गणित घेऊन भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारला. बरोबर उत्तर देणारे सुमारे १५ टक्के. व्याख्याने होण्याआधी विचारा की झाल्यानंतर विचारा, आकडा जवळपास तोच! माध्यमिक शाळांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारला, तेही सुमारे १५ टक्के. विज्ञानाच्या इतर शाखांतल्या आणि गणिताच्या प्राध्यापकांनाही विचारला, त्यांचेही तेच. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करता करता विद्यार्थ्यांना शिकवणारे जे सहायक होते, त्यांच्यातही सुमारे ७० टक्क्यांनाच जमले.

हे निकाल गडचिरोलीच्या आश्रमशाळेतले नाहीत आणि घाटकोपरच्या रमाबाई नगरातलेही नाहीत. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठातल्या, सर्व सोयी पायाशी असलेल्या मुलांचे आहेत. 'विभवांतर भागिले रोध बरोबर विद्युतधारा' हे सूत्र त्यांना येत होते, त्यावरची गणिते सोडवून ते पासही होत होते. पण मनात घट्ट बसलेली समजूत वेगळीच होती. पहिला बल्ब थोडी वीज 'खातो' आणि उरलेली दुसऱ्याला मिळते, ही एक. आणि बॅटरी काहीही जोडले तरी तेवढीच धारा सोडते, ही दुसरी. दोन्ही चूक. पण परीक्षा त्या समजुतीपर्यंत पोहोचतच नाही, ती सूत्राशीच थांबते. शिक्षकही अशाच परीक्षांतून पास होऊन आलेला, म्हणून तीच समजूत तो पुढच्या वर्गाला देतो. या साखळीत मूर्ख कोणी नाही. कडीमागून कडी तशीच घडत जाते, इतकेच.

बाईंच्या पद्धतीतली एक गोष्ट आम्हाला वकील म्हणून फार भावली. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारता येत नाही, कारण उत्तर वकिलाने त्याच्या तोंडात घातले तर ती साक्ष त्याची उरत नाही. या संशोधकांच्या मुलाखती तशाच चालत. विद्यार्थ्यापुढे दोन चेंडू पन्हळीवरून सोडायचे. एक एकसमान वेगाने सरळ जातो. दुसरा आधी जोरात निघून पहिल्याला मागे टाकतो, चढावर मंदावतो आणि पहिला त्याला पुन्हा गाठतो. विचारायचे, दोघांचा वेग कधी सारखा होता का? अनेकांचे उत्तर : ते एकमेकांना ओलांडताना शेजारी-शेजारी आले तेव्हा! शेजारी असणे म्हणजे जागा सारखी, वेग नव्हे. वेग सारखा झाला तो दोन ओलांडण्यांच्या मधल्या एका क्षणी. पण संशोधक 'चूक' म्हणत नाही, इशाराही देत नाही. "तुला असे का वाटते?" एवढेच विचारतो आणि ऐकून घेतो. १९८० साली या अभ्यासावरचा लेख प्रसिद्ध झाला. आपल्या वर्गात असे ऐकून घेणारा शिक्षक किती मुलांच्या वाट्याला आला असेल? आपल्याकडे चुकीचे उत्तर दिले की "खाली बस" हे ठरलेले, आणि त्यातून ते उत्तर आपल्या पोराने दिले असेल तर "तुमच्याकडून आणखी काय अपेक्षा" हेही ठरलेले. सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिल्लीच्या 'एम्स'बद्दल जो अहवाल दिला, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीची नोंद आहे. देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेची ही तऱ्हा, तिथे तालुक्याच्या शाळेचे काय बोलावे!

शिकवण्याची रीत बदलली तर निकाल बदलतो, हेही सिद्ध झालेले आहे. रिचर्ड हेक या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. जिथे नुसती व्याख्याने होती तिथे, समजायचे जे शिल्लक होते त्यातले सरासरी २३ टक्के समजले. जिथे विद्यार्थ्यांना करायला, बोलायला, आपसात वाद घालायला लावले तिथे ४८ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. विद्यार्थी त्याच प्रकारचे, विषय तोच, फरक शिकवण्याचा. मग 'मेरिट' कोणाचे मोजायचे, शिकणाऱ्याचे की शिकवणाऱ्याचे?

आता या गोष्टीतला आपल्या सर्वांत जवळचा भाग सांगतो. २० मे १९६८ रोजी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ब्लॅक स्टुडंट युनियनच्या मुलामुलींनी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिला. काळ्या आणि इतर वंचित समूहांतल्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, त्यांच्यासाठी शिक्षक नेमा, त्यांचा इतिहास शिकवा, अशा मागण्या होत्या. विद्यापीठाला त्या मान्य कराव्या लागल्या आणि अशा विद्यार्थ्यांसाठी विशेष कार्यक्रम सुरू झाला. चार वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपल्या तरुणांच्या डोळ्यांपुढे याच संघर्षाचे चित्र होते. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुढची नाही. लढून प्रवेश मिळाला, मुले विद्यापीठात आली, आणि विज्ञानाच्या वर्गातून गळू लागली. मोर्चाने दार उघडले होते, पण वर्गात शिकवायची रीत जुनीच होती.

ती गळती थांबवण्याच्या कामात मॅकडरमॉटबाईंचा गट उतरला. या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राचा खास पूर्वतयारीचा अभ्यासक्रम त्यांनी बांधला आणि १९८० साली त्याविषयी लेख लिहिले. महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी या मुलांसाठी 'सोपे' विज्ञान केले नाही. शिक्षकांसाठी जी रीत तयार केली होती तीच त्यांनी इथे वापरली : हाताने करून पाहा, जे पाहिले त्यावरून तर्क करा, तर्क शब्दांत मांडा, मगच पुढे जा. थोडे शिकवा, पण तळापर्यंत शिकवा. ॲरन्स यांचा तर आग्रहच होता की आधी कल्पना यावी, मग तिचे नाव. आपल्याकडे नेमके उलटे चालते. 'विभवांतर', 'अपवर्तनांक', 'संवेग' ही नावे आधी फळ्यावर येतात आणि कल्पना बहुधा येतच नाही. मंत्र पाठ करावा, अर्थ विचारू नये, हीच ती जुनी गुरुकुली. घोकंपट्टी हा काही शिक्षकांच्या आळसाचा परिणाम नव्हे. ज्या व्यवस्थेत ज्ञान जिभेचे आणि काम हाताचे, जीभ वरच्यांची आणि हात खालच्यांचे, त्या व्यवस्थेने घडवलेली ही शिक्षणपद्धती आहे. प्रयोगाला हात लागतात, म्हणून प्रयोगशाळेचे कपाट बंद! तथागतांच्या धम्माचे लक्षण 'एहिपस्सिको', या आणि पाहा, असे आपण वंदनेत म्हणतो. आपल्या पोरांच्या विज्ञानाच्या तासाला मात्र या, बसा आणि लिहून घ्या.

कोणी म्हणेल, अमेरिकेचे कौतुक इथे कशाला? तर इथलेही ऐका. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली मुंबईत सुरू झाले. त्याचे सुरुवातीचे मोठे काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत झाले. केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेवर प्रयोग केला. मजकुरातले विज्ञान तसेच ठेवून भाषा तेवढी सोपी केली, तर मुलांचे आकलन सुधारले आणि ती वर्गात बोलूही लागली. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. आपल्याच मुलांबरोबर! कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी त्याचा वृत्तांत १९८५ साली पुस्तकरूपाने दिला. निष्कर्ष सरळ आहे. या मुलांत बुद्धी कमी नव्हती. भाषेची अडचण, प्रश्न विचारायची सवय नसणे, घरी अभ्यासाचे वातावरण नसणे, हे अडथळे नेमके ओळखून दूर केले तर तीच मुले पुढे जातात.

हे पुस्तक येऊन चाळीस वर्षे झाली. आरक्षणाच्या खटल्यांत, मेरिटच्या वादांत, आपल्या किती वक्त्यांनी ते पुरावा म्हणून पुढे केले? आज हे केंद्र मानखुर्दला उभे आहे. तिथून गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या फार लांब नाहीत. त्या वस्त्यांतले आपले किती पदवीधर त्याच्या फाटकातून आत गेले असतील, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला, पुढे तो जिल्हाभर पसरला, सरकारी शाळेच्या शिक्षकांनाच त्याने तयार केले, आणि २००२ साली तिथल्या सरकारने तो बंद केला. खासगी शिकवण्यांच्या मालकांना अनुदान मागावे लागत नाही, मात्र गरिबांच्या शाळेतल्या प्रयोगाला सरकारच्या मर्जीवर जगावे लागते.

आणि हा विचार आपल्याला परका तर मुळीच नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी शिक्षकांचाच प्रश्न हातात घेतला होता. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत, ते कष्टकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत, म्हणून शेतकरी-कष्टकरी वर्गातूनच शिक्षक घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि पगार चांगला द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, मग त्या शाळेत उभ्या राहिल्या. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ला सिद्धार्थ आणि पुढे औरंगाबादला मिलिंद उभे केले, तेव्हा त्या महाविद्यालयांत विज्ञान असावे हा त्यांचा आग्रह होता. तळ्यावरचे पाणी आणि फळ्याजवळचे डबे ज्यांनी सोसले, त्यांना वर्गात काय घडते याचे महत्त्व कोणी शिकवायला नको होते.

आज शिक्षक घडवणाऱ्या संस्थांची अवस्था काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षक-शिक्षणावर आयोग नेमला. हे प्रकरण उद्भवले ते कुठून? महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांना दिलेल्या मान्यतेच्या वादातून! तीनशेच्या घरात असलेल्या या संस्थांपैकी बहुतेक संस्था मान्यतेला पात्रच नाहीत, असे आढळले. देशातल्या अशा संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खासगी आहेत, हे आयोगाने २०१२च्या अहवालात नोंदवले. साखर कारखान्याशेजारी डी.एड. आणि त्याशेजारी बी.एड., हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे. दागिने मोडून, शेत गहाण टाकून आपल्या पोरांनी तिथे डोनेशन भरले. 'नॉन-अटेंडिंग' बी.एड. नावाचा प्रकार तर सर्वांना माहीत आहे : शुल्क पूर्ण, हजेरी कागदावर. जे हजर राहिले त्यांनी तरी काय मिळवले? पाठ टाचण, सराव पाठ, रंगीत तक्ते, आणि सूक्ष्म अध्यापनाचे पाच-सात मिनिटांचे नाटक. विद्युतधारेचे दोन तास कोणी त्यांच्याकडून करून घेतले नाहीत. विषयाचे ज्ञान बी.एस्सी.ला झाले असे गृहीत धरले, आणि बी.एस्सी.त काय झाले ते त्या १५ टक्क्यांनी सांगितलेच आहे. म्हणूनच शिक्षकांसाठी विज्ञानाचे वेगळे अभ्यासक्रम असावेत, ते विज्ञान विभागांनीच चालवावेत, आणि शिक्षकाने जसे शिकवावे असे आपल्याला वाटते तसेच त्याला शिकवावे, ही मॅकडरमॉटबाईंनी १९९०च्या लेखात केलेली मागणी आपल्या तालुक्याला जशीच्या तशी लागू पडते.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शिकणे कृतीतून, शोधातून आणि पडताळणीतून व्हावे, आणि मूल्यमापन मुलाच्या समजेचे व ती समज वापरण्याच्या क्षमतेचे व्हावे. कलम २४ शिक्षकावर कर्तव्य टाकते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६पासून नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. आपण या कायद्याची लढाई २५ टक्के प्रवेशांपुरती लढलो. ती आवश्यक होती. पण वर्गात काय चालते यावर या कायद्याने दिलेले हत्यार म्यानातच राहिले. उलट शिक्षकांना नाना प्रकारची कागदी कामे लावून ठेवायची आणि मग निकाल खालावला म्हणून सरकारी शाळा बदनाम करायची, हा डाव बिनबोभाट चालू दिला.

यापुढचे मैदान आत्ताच आखले जात आहे. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे म्हटले आहे. त्या धोरणाबद्दल आपले अनेक आक्षेप आहेत आणि ते मागे घेण्याचे कारण नाही. पण चार वर्षांचा अभ्यासक्रम येणारच असेल तर दोन गोष्टी आजच मागितल्या पाहिजेत. त्याचे पूर्ण शुल्क आणि निर्वाह भत्ता अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळाला पाहिजे, कारण चार वर्षे कमाईविना काढणे मजुराच्या घराला परवडत नाही. आणि त्यातले भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र विज्ञानाच्या विभागांनी प्रयोगशाळेत शिकवले पाहिजे, तक्त्यांवर नव्हे.

आपल्या एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींशीही दोन शब्द बोलायचे आहेत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सात-आठ वर्षे घालवणारे कितीतरी भौतिकशास्त्राचे पदवीधर आम्हाला भेटतात. साहेब व्हायची ओढ आम्हाला समजते, सत्तेची जागा घेतलीच पाहिजे. पण विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करणे, शिक्षक घडवणारा प्राध्यापक होणे हीही सत्तेचीच जागा आहे. एक तहसीलदार एक तालुका सांभाळतो. शिक्षकांना शिकवणारा एक माणूस तीस वर्षांत हजारभर शिक्षक घडवील, आणि त्यातला प्रत्येक जण पुढे हजारो मुलांसमोर उभा राहील. मॅकडरमॉटबाई दर उन्हाळ्यात शाळाशिक्षकांना बोलावून बल्ब आणि बॅटऱ्या त्यांच्या हातात देत, ते याच हिशेबाने. वस्तीतल्या मुलाचे 'चुकीचे' उत्तर ऐकून त्यामागचा तर्क ओळखायला त्या वस्तीची भाषा येणारा संशोधक लागतो. तो बाहेरून कोण आणून देणार? आपल्या लोकांनी चालवलेली बी.एड. महाविद्यालयेही काही कमी नाहीत. त्यांच्या संचालकांनी जयंतीच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग प्रयोगशाळेकडे वळवला तर कोणाची जयंती लहान होणार नाही. हे बोलणे कोणाला झोंबले तर झोंबू द्यावे.

तोवर एक काम कुठल्याही कार्यकर्त्याला, कुठल्याही आईला करता येईल. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात, हे शिक्षणहक्क कायद्याचे कलम २१ आहे. समितीच्या पुढच्या बैठकीला जाताना विज्ञान साहित्याचे डेडस्टॉक रजिस्टर मागा. त्यात बॅटरीचे होल्डर किती, बल्ब किती, अ‍ॅमीटर किती ते वाचा. मग कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते विचारा, आणि ते कपाट या वर्षी कोणकोणत्या तारखांना उघडले याची नोंद दाखवायला सांगा.